दारावरच्या रेघा

यंदा दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचे ठरले. रंगारी आला, त्याने भिंती खरवडल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तो थबकला. "बाई, या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. घासून टाकू ना?"

त्या रेघा म्हणजे आमच्या मुलीची उंची. दर पाडव्याला तिला चौकटीला टेकवून उभे करायचे, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची, रेघ ओढायची आणि शेजारी साल लिहायचे, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. अशा बारा रेघा झाल्या आहेत. वाचकांपैकी निम्म्यांच्या घरी तरी अशी एखादी चौकट असेलच. रंगाऱ्याला मी थांबवले खरे, पण त्या निमित्ताने त्या रेघांकडे जरा निरखून पाहिले, आणि एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. पहिली रेघ मुलीच्या दोन वर्षांच्या वयाची आहे. त्याच्या आधीची एकही नाही. असणार तरी कशी? त्याआधी पोर चौकटीला टेकून सरळ उभी राहील तर ना! आणि मौज अशी की, माणसाच्या उंचीची जी गोष्ट असते, तिचा महत्त्वाचा भाग त्या न ओढलेल्या रेघांतच होऊन गेलेला असतो.

हिशेब साधा आहे. जन्मते वेळी मूल सुमारे पन्नास सेंटिमीटर लांब असते. वर्षाचे होईपर्यंत ते पाऊणशे होते. दुसऱ्या वर्षात आणखी बारा सेंटिमीटरची भर पडते. त्यानंतर वेग मंदावतो, तो वर्षाला सहा-सात सेंटिमीटरवर येऊन ठेपतो. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत जेवढी वाढ होते, तेवढ्यासाठी पुढे पाच-सहा वर्षे खर्ची पडतात. याच दोन वर्षांत मेंदूही प्रौढ माणसाच्या मेंदूच्या जवळजवळ ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचतो. या धांदलीच्या काळात पोटात काय पडते, यावर पुढचे पुष्कळसे ठरते.

माझा धंदा मराठी शिकवण्याचा. त्यामुळे एखादी गोष्ट आपल्या नजरेतून का सुटते याचा शोध मी आधी शब्दांत घेते. तान्ह्या मुलाबद्दल मराठीत शब्दांना तोटा नाही. मूल बाळसे धरते, गुटगुटीत होते, अंगाने भरते. नाहीतर वाळते, सुकते, किडकिडीत राहते. हे सगळे शब्द मांसाचे आहेत. लांबीचा शब्द यात एकही नाही. 'खुरटणे' आहे, पण तो आपण रोपासाठी राखून ठेवला आहे. कुंडीतली तुळस खुरटली तर आपण माती बदलतो. मुलाला मात्र कोणी 'खुरटले' म्हणत नाही. 'ठेंगणे आहे', 'चणच लहान आहे', 'मामावर गेले आहे' असे म्हणतो. खुरटणे ही घडलेली गोष्ट आहे, ठेंगणे असणे हा स्वभाव. एका क्रियापदाच्या जागी आपण विशेषण घातले आणि कारण शोधण्याच्या कामातून मोकळे झालो!

मीही मोकळी झालेच होते. मुलगी चौदा महिन्यांची असताना लस टोचण्यासाठी तिला घेऊन गेले. वजन नऊ किलो, गाल असे की येणाजाणाऱ्याने चिमटा घ्यावा. वजनकाट्यावरून उतरवून डॉक्टरीणबाईंनी तिला एका लाकडी फळीवर आडवी निजवली. एका बाजूला डोके टेकवले, दुसरीकडून सरकती पट्टी तळपायाला लावली आणि वाचले, "एकाहत्तर." मग समोरच्या तक्त्यावर एक टिंब दिले. त्या वयाच्या मुलींची मधली लांबी शहात्तर सेंटिमीटरच्या थोडी वर असते. खाली एक तांबडी रेघ होती. निरोगी, खात्यापित्या शंभर मुलांपैकी जेमतेम दोन जिच्याखाली सापडावीत अशी ती रेघ. आमचे टिंब नेमके तिच्यावर बसले होते.

सासूबाई बरोबर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अण्णाभाऊजींच्या वळणावर गेलीय ती. आमच्या घराण्यात आहे ते."

अण्णाकाका म्हणजे सासूबाईंचे धाकटे दीर. उंची बरोबर पाच फूट. त्यांचे तिघेही भाऊ चांगले पावणेसहा फुटांच्या आसपासचे. लग्नकार्यात फोटो काढताना अण्णाकाकांना पाटावर उभे करायचे ही घरातली जुनी थट्टा, आणि ती सर्वांत आधी तेच करायचे.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "बाकीचे भाऊ उंच आणि हेच तेवढे ठेंगणे, तर मग घराण्यात काय आहे म्हणायचं?" पुढे त्यांनी जे सांगितले ते मी नंतर स्वतः मिळवून वाचले. आनुवंशिकतेचा आपला हा लाडका समज जागतिक आरोग्य संघटनेने एकदा नीट तपासून पाहिला आहे. १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या सहा ठिकाणची मुले मोजण्यात आली : ब्राझीलमधले पेलोतास, घानाचे अक्रा, नॉर्वेचे ऑस्लो, ओमानचे मस्कत, अमेरिकेतले डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. अट एवढीच, की घरात वाढीच्या आड येईल अशी ददात नसावी, आईने धूम्रपान केलेले नसावे आणि मुलाला अंगावर पाजलेले असावे. नॉर्वेची गोरी उंच माणसे आणि दिल्लीचे आपले लोक! पण पाच वर्षांपर्यंतची मुले मोजली, तेव्हा सहाही ठिकाणी त्यांची लांबी जवळजवळ सारखी वाढलेली आढळली. त्यावरून २००६ साली जे तक्ते निघाले, तेच आज डॉक्टरांच्या टेबलावर असतात. दोन मुलांत आईबापांप्रमाणे फरक पडतोच, तो कोण नाकारतो? पण एखाद्या देशातली, एखाद्या जातीतली किंवा वस्तीतली मुलेच्या मुले लहान चणीची निघाली, तर त्याचा दोष रक्तावर टाकता येत नाही.

"बरं, काय खायला घालता?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. मी अभिमानाने यादी वाचली. सकाळी तांदळाची पेज. दुपारी वरणाचे पाणी, त्यात भाताची चार शिते कुस्करून. चार वाजता चहात बुडवलेले बिस्किट, कारण आजोबांच्या बशीतले तिला फार आवडायचे. रात्री पुन्हा पेज. मधूनमधून बाटलीने दूध, पचायला जड नको म्हणून निम्मे पाणी घातलेले. काहीही तिखट नाही, जड नाही, बाधेल असे काही नाही. सहाव्या महिन्यात उष्टावण केली होती, तीही चांदीच्या वाटीत.

त्यांनी कागद ओढला आणि माझ्यासमोर एक गणित मांडले. ते मी अजून विसरले नाही. लहान मुलाचे पोट वजनाच्या किलोमागे सुमारे तीस मिलिलिटर धरते. नऊ किलोच्या मुलीचे पोट म्हणजे २७० मिलिलिटर, एक मोठा पेला. त्याहून जास्त एका वेळी मावतच नाही. पातळ पेजेच्या शंभर ग्रॅममध्ये तांदूळ असतो दहा ग्रॅम, बाकी पाणी. दहा ग्रॅम तांदळाच्या कॅलरी पस्तीस. म्हणजे तुडुंब पोट भरले तरी पेजेतून मिळणार नव्वद-पंचाण्णव. तीन वेळा भरले तरी तीनशेच्या आत. आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून रोज हव्या असतात सुमारे साडेपाचशे. मूल ढेकर देते, हसते, झोपते. आईला वाटते पोट भरले. पोट भरलेले असतेच, पाण्याने. वरणाच्या पाण्याचीही तीच गत. डाळ खाली राहते आणि पिवळे पाणी बाळाच्या वाट्याला येते. त्यावर चहा. चहातला तुरटपणा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, आणि पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा तर सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत आलेला असतो.

"मग गाल कसे गुबगुबीत?" मी विचारले. कारण त्याच गालांवर माझा सगळा भरवसा होता. वजन आणि लांबी या दोन निराळ्या वाटा आहेत, असे उत्तर मिळाले. थोडेफार वजन साखर-बिस्किटांवरही टिकते. हाड लांब व्हायला प्रथिने लागतात, जस्त, चुना आणि आणखी कितीतरी गोष्टी लागतात. त्या नसल्या तर शरीर काटकसर करते, आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड लांबीवर पडते. म्हणून असे मूल आजारी दिसत नाही. ते आपल्या वयाहून लहान दिसते, इतकेच, आणि लोक कौतुकाने म्हणतात, 'अगदी बाहुलीसारखी आहे.'

घरी आल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग रात्री निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून त्यांनी अण्णाकाकांची गोष्ट सांगितली. ती त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेली. घर खाऊनपिऊन सुखी, दारात दोन म्हशी. अण्णाकाका वर्षाचे होतात न होतात तोच त्यांच्या आईला पुन्हा दिवस गेले आणि त्यांचे अंगावरचे दूध तोडले. त्यांना म्हशीचे दूध पचेना, जुलाब लागले. जुलाब लागले म्हणून लंघन. लंघन सुटले की पेज. पेजेवर जरा तरतरी आली की पुन्हा जुलाब. असे वर्ष-दीड वर्ष चालले. तोवर धाकटी बहीण झाली होती आणि सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे वळले होते. "पोर जगलं यातच सगळे खूश होते गं," सासूबाई म्हणाल्या. "उंचीचा विचार कोण करतो?"

पुढे एकदा वाचताना मला एक शब्द भेटला आणि अण्णाकाका डोळ्यांपुढे उभे राहिले. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाई आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करीत होत्या. अंगावर सूज, केस तांबूस, कातडी सोलवटलेली अशी मुले त्यांच्यापुढे येत. त्या रोगाला तिथल्या गा भाषेत नाव होते 'क्वाशिओरकॉर'. विल्यम्सबाईंनी १९३५ साली ते नाव वैद्यकाच्या जगात नेले. त्याचा अर्थ असा : पाठचे भावंड आले की थोरल्याला होणारा आजार. खुरटणे आणि हा आजार एक नव्हेत. तो जिवावर बेतणारा, हे मुकाट्याने होणारे. पण त्या बायकांनी रोगाला नाव देताना कारणच सांगून टाकले होते. आपल्याकडे अण्णाकाकांच्या बाबतीत 'घराण्यात आहे' हे नाव दिले गेले.

आजही जुलाबात मुलाचे अन्न तोडणारी घरे मला माहीत आहेत, शिकलेली घरे. खरे म्हणजे त्याच वेळी त्याला पाजत राहायचे, थोडे थोडे भरवत राहायचे आणि बरे वाटल्यावर काही दिवस एखादे जेवण जास्त द्यायचे असते. तसे केले नाही तर प्रत्येक दुखणे लांबीतून आपला वाटा कापून नेते.

'आता नाही तर पुढे भरून निघेल' ही दुसरी समजूत. माझीही होती. ती ग्वातेमालातल्या चार खेड्यांनी मोडली. मध्य अमेरिकेतल्या या देशात १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना 'आतोले' नावाचे दाट, दूधभुकटी आणि प्रथिने घातलेले पेय रोज मिळे. उरलेल्या दोन खेड्यांत नुसते गोड सरबत. औषधोपचार चारही ठिकाणी सारखाच. आतोले मिळालेली मुले तिसऱ्या वर्षापर्यंत दुसऱ्यांपेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर उंच झाली. पण तेच आतोले तीन वर्षांच्या पुढच्या मुलांना दिले तर उंचीत काही फरक पडला नाही. पेय तेच, वय गेलेले. संशोधकांनी त्या मुलांचा माग सोडला नाही. ती मोठी झाली, कामाधंद्याला लागली. २००८ साली जे प्रसिद्ध झाले त्यात असे दिसले, की पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई इतरांपेक्षा ४६ टक्क्यांनी अधिक होती. सेंटिमीटर अडीच, आणि कमाई दीडपट! उंची हे नुसते वरचे चिन्ह. आत जे घडत असते ते त्याहून मोठे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या मुलींची आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या ११४ मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिकडच्या सुबत्तेत त्या झपाट्याने वाढल्या, पण बहुतेकींना पाळी लवकर आली, सरासरी साडेअकराच्या सुमारास. पाळी आली की हाडांची वाढ आटोपू लागते. शेवटी त्यांची सरासरी उंची १५४ सेंटिमीटरवर थांबली. येताना जी जितकी खुरटलेली, ती मोठेपणी तितकी ठेंगणी राहिली.

गोष्ट आणखी मागेही जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्याही आत भरली. पण ज्या आयांच्या ताटात पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे चांगली भरली. शेतात राबणारी बाई पालेभाजी काढते, विकते, आणि स्वतःच्या ताटात मात्र शेवटी उरेल ते घेते, हे काही कुणाला नव्याने सांगायला नको.

महाराष्ट्राचे म्हणाल तर आपण एकदा करून दाखवले होते. २००५ साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. अशा तऱ्हेचे देशातले ते पहिले. त्या सुमारास राज्यातल्या दोन वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३९ खुरटलेली होती. २०१२ च्या पाहणीत तो आकडा २४ च्या आसपास आला. देशविदेशांतून लोक हे कसे झाले ते पाहायला आले. पण पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचा आकडा, जो २००५-०६ मध्ये ४६ होता, तो २०१५-१६ मध्ये ३४ वर आला आणि २०१९-२१ मध्ये ३५ वर. गाडी तिथेच अडकली. त्याच शेवटच्या पाहणीत, देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी फक्त अकरांना पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळत होता. हा काही केवळ गरिबीचा आकडा नव्हे. सर्वांत सधन पंचमांश घरांतलीही शंभरातली सुमारे तेवीस मुले खुरटलेली निघाली. ती तेवीस आपल्यासारख्यांच्याच इमारतींतून राहतात, चांदीच्या वाटीतून पेज पितात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू दीड वर्षाचा आहे. सून सकाळी आठला कामावर जाते. पोर थोरल्या बहिणीजवळ, ती बहीण नऊ वर्षांची. पाच रुपयांचा बिस्किटपुडा दुपारपर्यंत पुरतो. "अंगणवाडीत धाडा की," मी एकदा शहाणपणाने म्हटले. मावशी म्हणाल्या, "तीन वर्साचा झाल्यावर बसवून घेतात. आत्ता नुसती पाकिटं देतात घरी." ते खरेच आहे. १९७५ साली सुरू झालेल्या या योजनेत ताजे शिजलेले अन्न तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिळते. सहा महिने ते तीन वर्षे या वयाला कोरडा शिधा घरी न्यायचा. ज्या वयात एकेक घास मोलाचा, त्या वयात घास भरवणारा हात घरी नाही. इवल्या पोटाला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवायचे, तर कुणाला तरी बसावे लागते. मावशींच्या सुनेला तो वेळ नाही. मलाही नव्हता, माझी तासिका साडेसातला असे. फरक एवढाच, की माझ्या घरी सासूबाई होत्या.

त्यांनीच मग सूत्रे हातात घेतली. पेज बंद झाली. मऊ भात आणि घट्ट वरण एकत्र कालवून, चमचा उभा राहील इतके दाट. वर एक चमचा तूप, म्हणजे पंचेचाळीस कॅलरी, पोटात जागा न अडवता. शेंगदाण्याचे बारीक कूट घालून भाजी. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या नाचणीची लापशी. इथे एक सांगायचे राहिले. नाचणी सत्त्व म्हणून आपण जे वस्त्रगाळ करून वाळवतो, त्यात नाचणीचे पुष्कळसे चांगले गाळणीतच राहते. त्यापेक्षा मोडाचे अख्खे पीठ बरे. धान्याला मोड आले की त्यात पिठूळपणा मोडणारे द्रव्य तयार होते. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले गेले, की असे चिमूटभर पीठ घट्ट लापशीत घातले तर ती पाणी न घालताच सैल होते. म्हणजे तेवढ्याच वाटीत धान्य अधिक मावते.

अंड्यावरून मात्र घरात अधिवेशन भरले. डॉक्टरीणबाईंनी रोज एक सांगितले होते. तीन दिवस चर्चा झाली. चौथ्या दिवशी सासूबाईंनी गॅलरीत एक वेगळे पातेले आणि वेगळा चमचा ठेवला आणि म्हणाल्या, "मी हात लावणार नाही, पण ती खातेय की नाही ते बघेन." दोन महिन्यांनी तेच पातेले त्या स्वतः घासताना मला दिसल्या. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या वाढदिवसाला मुलगी साडेब्याऐंशी भरली. तांबडी रेघ त्या वयाला ऐंशीवर असते, मधली शहाऐंशीच्या जरा वर. म्हणजे आम्ही रेघेच्या वर आलो, मध्यापर्यंत पोहोचलो नाही. थोडे उशिरा कळले.

त्या वर्षीच्या पाडव्याला चौकटीवरची पहिली रेघ ओढली गेली. गेल्या वर्षी भाऊबीजेला अण्णाकाका आले होते. नातीला शेजारी उभी करून त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "गेली की गं ही माझ्या वर!" मग स्वतःच चौकटीला पाठ लावून उभे राहिले. "माझीही ओढा एक. मला कधी कुणी मोजलंच नाही."

रंगारी त्या रेघेवर बोट ठेवून विचारत होता, "हिच्यापुढं साल नाही. ही कुणाची?"